लटारूभाऊंची हजेरी

आमच्या नगरपंचायतीच्या ऑफिसात दोन मोठी कपाटं आहेत. एकात फायली आहेत. दुसऱ्यातही फायलीच आहेत, पण त्याचं दार लागत नाही. किस्से मात्र यातल्या कुठल्याच कपाटात सापडायचे नाहीत. ते जमतात आमचे शिपाई सोमाजीभाऊ यांच्या स्टुलाजवळ, चहाच्या वेळी. एकाने सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "थांबा जी, हे तं काईच नाई!" आणि मग टेबलावरचं काम दुपारवर जातं. सुरुवात कुणाच्याही किश्शाने होवो, पाच मिनिटांत गाडी एकाच माणसाशी येऊन थांबते. लटारूभाऊंशी!

लटारूभाऊ म्हणजे गावाचे वॉलमन. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडून गल्लोगल्ली नळाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. मी ब्रह्मपुरीची, इथे आस्थापना विभागात लिपिक. कोण कधी नोकरीला लागलं, कोण कधी सुटलं, याचे कागद माझ्याकडे असतात. गावाचं नाव सांगत नाही. चामोर्शीहून मुलचेऱ्याच्या अंगाला निघालात की वाटेत अशी दहा गावं लागतात, त्यातलं कुठलंही समजा.

*

मी रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी ऑफिसला निघाले तर बाजार चौकात पन्नाशी ओलांडलेला एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, डोळे मिटलेले. मला वाटलं, इथे एखादं देवाचं ठाणं असणार. नव्या गावात आल्या आल्या देवाशी वाकडं कशाला? मीही सँडल काढल्या, हात जोडले, डोळे मिटले.

डोळे उघडले तर तो माणूस माझ्याकडे टक लावून पाहतोय.

"बाई, तुमी काऊन हात जोडून राह्यल्या?"

"इथला देव कोणता, भाऊ?"

"देव नाई जी. सहा इंची लाइन हाय!"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पाणी चालू असलं की तळपायाला बारीक थरथर लागते. कुठे फुटलेलं असलं की जमीन पायाला गार लागते. जाता जाता म्हणाले, "तुमी शाळेमागच्या गल्लीत भाड्यानं राह्यता नं? उद्या बकेटा भरून ठेवा. परवा तिकडं पानी नाई येनार."

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत खरंच पाणी आलं नाही. सँडल काढल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तरी ते पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत ऑफिसभर झालं होतं.

*

एकदा जिल्ह्याहून एक इंजिनिअर आले. नवी योजना मंजूर व्हायची होती आणि त्यांना जुन्या पाइपलाइनचा नकाशा हवा होता. नकाशा ग्रामपंचायतीच्या काळात वाळवीने खाल्लेला. इंजिनिअर म्हणाले, हरकत नाही, माझ्याकडे मशीन आहे. जमिनीवरून फिरवलं की ते खालच्या पाइपावर वाजायचं.

सोमाजीभाऊंनी लटारूभाऊंना बोलावून आणलं. लटारूभाऊंनी चपला काढल्या आणि एका हातात चुन्याची फक्की घेऊन ते चालायला लागले. मागे इंजिनिअर, त्यांच्या मागे मशीन धरलेला माणूस, त्याच्या मागे अर्धं गाव. सकाळपासून दुपारपर्यंत चुन्याची रेघ कुठे तुटली नाही. वळण आलं की लटारूभाऊ सांगायचे, "इथी एल्बो हाय." पुढे गेलं की, "इथी जोड हाय, दोनदा फुटला." मशीनही त्यांच्यामागून इमानदारीत वाजत होतं.

दवाखान्याच्या वळणावर दोघांचं जमेना. मशीन उजवीकडे जोरात वाजलं. लटारूभाऊंची रेघ डावीकडे गेली.

"आजोबा, मशीन खोटं बोलत नाही," इंजिनिअर म्हणाले.

"खोटं नाई बोलत जी. पन त्याले लोखंड समजते, पानी नाई समजत."

खणलं. उजवीकडे निघाली बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. डावीकडे, बरोब्बर चुन्याखाली, पाइप! इंजिनिअर खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. मग त्यांनी स्वतःचे बूट काढले, मोजे काढले आणि विचारलं, "कुठं उभं राहायचं?"

बराच वेळ उभे होते बिचारे. त्यांच्या तळव्यांना काही जाणवलं नाही. मीही त्यानंतर कितीतरी वेळा उभी राहून पाहिलंय, मलाही जाणवत नाही. लटारूभाऊंच्या घरी मासेमारी. लहानपणापासून बापासोबत गावतलावात छातीइतक्या पाण्यात उभे राहायचे, तळव्याने चिखल वाचायचे. ते सांगतात की त्यात विशेष काही नाही. मला मात्र अजूनही त्यांचे पाय पाहिले की अंगावर काटा येतो.

*

आता हजेरीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं.

ऑफिस उघडणार पावणेदहाला. लटारूभाऊंचं काम पहाटे पाचला सुरू होऊन नऊला संपलेलं. मग मस्टरवर सही कधी करायची? त्यावर ग्रामपंचायतीच्या काळातच एक तोड निघाली होती. सोमाजीभाऊ सकाळी सातला येऊन झाडू मारायचे आणि ऑफिसच्या नळाखाली हंडा लावायचे. नळाला पाणी आलं की मोठ्याने म्हणायचे, "लटारू आला!"

झाली हजेरी.

इतकी वर्षं हे असंच चाललं. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाणी आलं म्हणजे माणूस आला, मग सही कशाला पाहिजे! मी आल्यावर एकदा सोमाजीभाऊंना म्हटलं, "अहो, निदान तुम्ही तरी कुठे लिहून ठेवा."

"लिवाचं काय त्याच्यात बाई? गावाले मालूम हाय."

*

या हजेरीने घात केला तो ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा. मी इथे यायच्या आधीची गोष्ट, पण सोमाजीभाऊंनी इतक्यांदा सांगितलीय की मीच तिथे होते असं वाटतं.

जुन्या कर्मचाऱ्यांना नव्या आस्थापनेवर घ्यायचं, म्हणून यादी करायला वरून एक पथक आलं. सगळ्यांनी फोटो घेऊन हजर राहायचं होतं. नेमकी त्याच सकाळी दवाखान्याजवळ मेन लाइन फुटली! वॉर्डात बाळंतिणी होत्या. लटारूभाऊ गळ्यापर्यंत पाण्याच्या खड्ड्यात उतरले.

इकडे ऑफिसात नाव पुकारलं गेलं. लटारू?

"हाय नं जी," सगळे एका सुरात म्हणाले.

"कुठे आहे?"

"खड्ड्यात हाय!"

पथकातल्या माणसाने मस्टर मागितलं. मस्टरवर लटारूभाऊंची एकही सही नाही. त्याने शेरा मारला, 'आढळून आले नाहीत,' आणि पुढचं नाव पुकारलं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी नंतर नाव घालेल. कुणीच घातलं नाही. त्या दिवशी पथकाने जेवताना जे पाणी प्यायलं, ते मात्र लटारूभाऊंनीच दुपारी एकला चालू करून दिलेलं होतं.

*

यादीत नाव नसतानाही लटारूभाऊ पाणी सोडतच राहिले, पैसे किरकोळ खर्चातून मिळत राहिले. ते साठीचे झाले तेव्हा साहेबांनी फाइल मागवली. साहेब म्हणजे आमचे मुख्याधिकारी, तिकडे पश्चिमेकडचे, वयाने तरुण, नियमाने पक्के. फाइल नव्हतीच. साहेबांनी लटारूभाऊंना बोलावलं आणि सांगितलं, "वय झालं, उद्यापासून येऊ नका. पाणी आता एजन्सी सोडेल."

"बरं जी. कागद द्या."

"कसला कागद?"

"रिटायर केल्याचा."

"तुम्ही कर्मचारीच नाही, तर रिटायर कसं करणार?"

लटारूभाऊ शांतपणे म्हणाले, "मंग मी जाऊ कसा?"

साहेबांना वाटलं, म्हातारा अडून बसलाय. तसं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. कामावर ठेवलेलं माणूस काम सोडतं तेव्हा कुणीतरी त्याला 'जा' म्हणावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी अर्ज केला. अर्ज मीच लिहून दिला, कारण त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. अर्जात एकच मागणी होती, की मी इथे नोकरी केली आणि आता मला मोकळं केलं, असं लिहून द्या.

अर्ज नगरपंचायतीच्या वकीलसाहेबांकडे गेला आणि त्यांनी तोड काढली. एकरकमी पैसे घ्यायचे आणि 'मी कधीही कर्मचारी नव्हतो' या कागदावर सही करायची. तो कागद मीच टाइप केला. टाइप करताना मला माझीच लाज वाटत होती, हे आज कबूल करते.

लटारूभाऊंनी तो कागद माझ्याकडून वाचवून घेतला. मग वकिलांना म्हणाले, "मी नवतोच, तं नसलेल्या मानसाले एवढे पैसे काऊन देऊन राह्यले जी?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. सही काही झाली नाही.

*

एजन्सीची माणसं आली ती गणवेश घालून! पहिल्या दिवशी पाणी टेकडीवरच्या वस्तीला पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार चौकात कारंजं उडालं. दवाखान्याचा व्हॉल्व्ह तर त्यांना सापडेचना. तीन दिवस शोधाशोध चालली होती. दमले की ती माणसं समोरच्या बिस्वासदांच्या हॉटेलात चहाला बसायची. बिस्वासदा बंगाली. त्यांचे वडील निर्वासितांच्या वस्तीत आले होते, ते स्वतः आमच्याइतकीच इथली झाडीबोली बोलतात.

तिसऱ्या दिवशी लटारूभाऊ तिथे आले, चपला काढल्या आणि एजन्सीच्या सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, जराशे उठता का?"

तो उठला. लटारूभाऊंनी त्याची खुर्ची सरकवली आणि खालची फरशी उचलली. तीन दिवस तो त्या व्हॉल्व्हवरच बसून चहा पीत होता!

"बिस्वासदा, तुम्हाला माहीत होतं ना?" मी नंतर विचारलं.

"मालूम होतं नं बाई. मले वाटलं मुद्दाम बसून राह्यले, राखन करून राह्यले!"

गावातल्या काही जणांनी लटारूभाऊंना सुनावलं. तुम्हाला नोकरीत नाही म्हणतात, तर होऊ दे त्यांचे हाल, कशाला मदत करता? भाऊ म्हणाले, "भांडन माह्यं ऑफिससंगं हाय. बाळंतिनीनं काय केलं?" मला इतक्या वर्षांत कुणाबद्दल एवढा आदर वाटला नाही.

*

आता चावीचा किस्सा. हा सांगताना आमच्या ऑफिसात आधी दार लोटून घेतात.

व्हॉल्व्ह उघडायची चावी म्हणजे छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. ती ग्रामपंचायतीने लटारूभाऊंना दिलेली, आणि त्यांच्या हाताने मूठ पार गुळगुळीत झालेली. आतापर्यंत पान्या-पकडीने भागवणाऱ्या एजन्सीने तक्रार केली, चावी आम्हाला मिळालेली नाही. साहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, चावी जमा करण्याचं पत्र काढा. आजच्या आज."

मी पत्र लिहिलं. 'आपण या कार्यालयाकडे पाणीपुरवठा कर्मचारी म्हणून कार्यरत असताना आपल्या ताब्यात देण्यात आलेली चावी आपण सेवेतून मुक्त होताना कार्यालयात जमा केलेली नाही. सबब...' वगैरे.

साहेबांनी ते एकदा वाचलं. मग परत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हा मजकूर नेहमीचाच आहे ना?"

"नेहमीचाच आहे सर."

"अगदी नेहमीचा?"

"अगदी नेहमीचा सर."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

लटारूभाऊ पत्र घेऊन माझ्याकडे आले, वाचून दाखवा म्हणाले. मी 'कर्मचारी म्हणून कार्यरत असताना' इथपर्यंत आले तर त्यांनी हात वर केला.

"तेवढं पुन्हा वाचा नं बाई."

मी वाचलं.

"अजून एकडाव."

मी तिसऱ्यांदा वाचलं. पाणी पिऊन आले आणि मग उरलेलं वाचलं.

चार दिवसांनी वकीलसाहेब आले. पत्राची प्रत पाहून मटकन खुर्चीत बसले. "हे गेलं? जावक नंबर पडला?"

"पडला," सोमाजीभाऊ दारातूनच म्हणाले.

"म्हणजे ऑफिसनेच लेखी मान्य केलं की तो कर्मचारी होता! कोणी लिहिलं हे?"

साहेब खिडकीबाहेर पाहत होते. मीही पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"आता तडजोड करा," वकील म्हणाले, "दुसरा उपाय नाही."

*

तडजोड झाली ती अर्ध्या तासात. पहिल्या दिवसापासूनची नोकरी मान्य, निवृत्तीचा आदेश मान्य, कायद्याने जे मिळायचं ते मान्य. लटारूभाऊंनी चावी आणून साहेबांच्या टेबलाला टेकवून उभी केली. वकीलसाहेबांनी विचारलं, "आणखी काही मागणी?"

"एक हाय जी. आर्डर मले नका वाचून दाखवू. टाकीले वाचून दाखवा."

"कुणाला?"

"पान्याच्या टाकीले. माह्या बापानं मासे मारनं सोडलं तवा तलावाच्या काठावर जाऊन सांगतलं होतं, मी आता थकलो, उद्यापासून येत नाई. न सांगता गेलं तं पानी वाट पाह्यते."

वकीलसाहेब साहेबांकडे पाहायला लागले. मला वाटलं, आता साहेब हसणार. साहेब उठले, टेबलाला टेकवलेली चावी उचलून स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, "मॅडम, आदेश घ्या. जीप सांगा."

टाकी गावाच्या कडेला, सागाच्या डेपोपलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पाणी सुटतं फक्त सकाळी. त्या वेळी सगळे व्हॉल्व्ह बंद होते, एजन्सीचा सुपरवायझर समोरच उभा होता. लटारूभाऊंनी चपला काढल्या आणि टाकीतून खाली उतरणाऱ्या जाड पाइपावर तळहात ठेवला. साहेबांनी चावी खांद्याला टेकवून धरली होती. मी टाकीकडे तोंड करून आदेश वाचायला लागले.

पहिल्या दोन ओळी वाचताना मला फार ओशाळल्यासारखं झालं. सरकारी आदेश, आणि ऐकायला कोण, तर सिमेंटची टाकी! पण पुढे नाव आलं. त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. नोकरी कधी सुरू झाली ते आलं. 'आपणांस आज रोजी सेवेतून सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे,' हे वाचलं तेव्हा सुपरवायझरने डोक्यावरची टोपी काढली.

लटारूभाऊंनी अजून थोडा वेळ हात पाइपावर तसाच ठेवला. मग तो पँटीला पुसला आणि चपला पायात घातल्या. लाइनीवर उभे असताना त्यांच्या पायात चपला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"झालं जी. चला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसातून सोमाजीभाऊ होते.

"बाई, तुमी लोकं कुठी हा? ऑफिसच्या नळाले पानी येऊन राह्यलं!"

मी घड्याळ पाहिलं. पावणेचार. चावी साहेबांच्या खांद्यावर. सुपरवायझर माझ्यासमोर.

"हालो बाई? आयकू येते का?" तिकडून सोमाजीभाऊ ओरडून विचारत होते. "लटारूची हजेरी लावू का?"